नारिंगी आवाज

"मगदूम, आकडा आला का?"

संपादक रेवणसिद्ध बिराजदार काचेच्या खोलीतूनच ओरडले. ‘आत्ताच’ या वृत्तवाहिनीच्या पुण्यातल्या कार्यालयात ते कधी उठून बाहेर येत नसत. दार उघडं ठेवून ओरडणं त्यांना जलद वाटे.

अनुजा मगदूमच्या पडद्यावर आरोपीची छोटीशी चित्रफीत पुन्हापुन्हा फिरत होती. विलास ढोबळे, पन्नाशी ओलांडलेला, अंगात चौकडीचा शर्ट. पोलिसांच्या गाडीतून उतरताना कुणीतरी त्याच्या तोंडापुढे माइक धरतं आणि तो संथ, सपाट आवाजात म्हणतो, "किती वेळा सांगितलं होतं त्याला. किती वेळा." त्याच सकाळी त्याने सोसायटीच्या वाहनतळात शेजाऱ्याला भोसकून मारलं होतं.

"शहाऐंशी," अनुजा म्हणाली.

"आयला! म्हणजे नारिंगी?"

"सत्तरच्या वर सगळं नारिंगीच, सर."

"पट्टी लावा रे! ‘माथेफिरूने घेतला शेजाऱ्याचा जीव, स्वरांक शहाऐंशी.’ आणि मगदूम, तू स्टुडिओत पळ. चाळीस सेकंदांत समजाव लोकांना."

‘स्वरांक’ समजावणं हेच गेले काही महिने अनुजाचं मुख्य काम झालं होतं. जैवसंख्याशास्त्रात एमएस्सी करून ती विज्ञान प्रतिनिधी म्हणून इथे लागली, तेव्हा ग्रहणं आणि धूमकेतू आपल्या वाट्याला येतील असं तिला वाटलं होतं. आले खून.

यंत्रामागचं शास्त्र मात्र तिला मनापासून आवडायचं. माणूस बोलतो तेव्हा मेंदू स्वरयंत्र, जीभ, ओठ आणि जबडा यांच्या कितीतरी स्नायूंना एकाच वेळी हुकूम सोडत असतो. त्या हुकमांच्या वेळेत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका फरक पडला तरी आवाज बदलतो. चढउतार कमी होतात, दोन शब्दांमधली शांतता लांबते, स्वरांत बारीक कंप येतो. कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. एका नव्या कंपनीने मनोविकार रुग्णालयांतल्या हजारो रुग्णांचे आणि तितक्याच निरोगी माणसांचे आवाज गोळा करून यंत्राला दोन्हींमधला फरक शिकवला होता. काही सेकंदांचं बोलणं पुरवलं की यंत्र शून्य ते शंभरमधला एक आकडा देई. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या आवाजांशी हा आवाज किती जुळतो, त्याचा आकडा. खरं तर ते डॉक्टरांच्या मदतीसाठी बनवलं होतं. पण डॉक्टरांना आकड्यानंतर रुग्णाशी तासभर बोलावं लागतं. वाहिनीला आकडा पुरतो.

अनुजाने स्टुडिओत हे सगळं सांगितलं आणि शेवटी जोडलं, "पण हा आकडा म्हणजे निदान नव्हे. हा आजार हजारातल्या पाच-सात जणांना असतो आणि यंत्र मात्र शंभरातल्या दहा निरोगी माणसांनाही नारिंगी ठरवतं. म्हणजे नारिंगी लागलेल्यांतले बहुतेक जण निरोगीच. आणि ज्यांना खरोखर आजार असतो त्यांतलेही बहुतेक जण जन्मात कुणावर हात उगारत नाहीत."

दिवसभर तिची जी फीत वाहिनीवर फिरत राहिली ती ‘यंत्राला कळतं’ या शब्दांशी संपत होती.

"सर, माझं शेवटचं वाक्य कुठे गेलं?"

"चाळीस सेकंद म्हणालो होतो, तू बोललीस मिनिटभर. शेपूट कापावंच लागतं, बाई."

पुढच्या वेळी तिने तेच वाक्य सुरुवातीला घातलं. तेव्हा डोकं कापलं गेलं.

·

दोन आठवड्यांनी एका संध्याकाळी ती धायरीतल्या घरी पोचली तेव्हा सुकुमार चालत होता. ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत. दोन खोल्यांच्या घरात तिचा भाऊ रोज काही किलोमीटर चालत असावा.

सुकुमार तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. सांगलीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. दोन वर्षं फार वाईट गेली. मग पुण्यात डॉ. नसरीन मुजावर भेटल्या, औषध लागू पडलं आणि आवाज थांबले. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. त्या गोळीने त्याला त्याचं डोकं परत दिलं आणि मोबदल्यात थोडं काही घेतलं. पाय एका जागी ठरत नसत, बोलणं मंद झालं होतं, आणि विनोद कळला तरी चेहऱ्यावर यायला वेळ लागे. "माझं हसू पॅसेंजर गाडीनं येतंय," असं तोच म्हणायचा.

नोकरीही त्याने पायांना साजेशी शोधली होती. एका खाजगी प्रयोगशाळेसाठी तो सोसायट्यांच्या टाक्यांमधून पाण्याचे नमुने आणायचा. दिवसभर चालायचं, जिने चढायचे, बाटल्या भरायच्या.

"बघितला पुन्हा तुझा तो ढोबळे," तो चालता चालता म्हणाला. "शहाऐंशी."

"आमची वाहिनी लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलंय, दादा?"

"घरातलं माणूस टीव्हीवर येतंय तर बघायचं नाही? आईनं तिकडं सगळ्या गल्लीला सांगितलंय. अनू लई भारी बोलत्या म्हणे, कुणालाच काही कळत नाही." त्याचं हसू दोन पावलं उशिरा आलं. मग तो दाराशी थांबला, पण पाय जागच्या जागी हलतच राहिले. "अनू, माझा किती येईल?"

"काही गरज नाहीये मोजायची."

"आलाय. एक्क्याऐंशी."

अनुजाने पिशवी खाली ठेवली. "कुणी मोजला?"

"गेटनं."

सोसायट्यांच्या गेटवर ‘द्वारपाल’ नावाचा डबा असायचा. आलेल्याने नाव आणि काम बोलायचं, तो आवाज नोंदवायचा. ढोबळे प्रकरणानंतरच्या आठवड्यातच द्वारपालवाल्यांनी स्वरांक जोडून घेतला होता. हिरवा दिवा लागला की गेट उघडे. नारिंगी लागला की सोसायटीच्या समितीला फोन जाई.

"आज चार ठिकाणी अडवलं," सुकुमार म्हणाला आणि पुन्हा चालू लागला.

·

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती त्याच्याबरोबर गेली. बावीस मजल्यांची इमारत, गेटपाशी देवराम नावाचा लातूरकडचा पहारेकरी. सुकुमारला पाहताच तो खुर्चीतून उठला आणि मग काय करावं ते न सुचून तसाच उभा राहिला.

"सुकुमार मगदूम. पाण्याचा नमुना घ्यायला आलोय," सुकुमार डब्याला म्हणाला.

नारिंगी. "कृपया थांबा," डबा म्हणाला, फार गोड आवाजात.

"भाऊ, माझ्या हातात काय नाय बघा," देवराम म्हणाला. "मी बोललो की सेक्रेटरींला. म्हणलं, हा माणूस तीन वर्षं झालं येतोय, टाकीवर चढतोय, बाटलीभर पाणी घेऊन जातोय. तर ते म्हणले, आजवर काही केलं नाही म्हणजे पुढं करणारच नाही असं कुठंय?"

"बरोबर आहे त्यांचं," सुकुमार म्हणाला. "तसं तर कुणाचंच सांगता येत नाही."

"हे काय बरोबर आहे?" अनुजा भडकली. ती डब्यासमोर उभी राहिली. "अनुजा मगदूम. माझं इथे काहीही काम नाही. मी या डब्याशी भांडायला आलेय."

हिरवा. गेट सरकन उघडलं.

देवराम हसला, मग हसायला नको होतं हे लक्षात येऊन खोकला. दोघांपैकी जिला आत काही काम नव्हतं तिच्यासाठी गेट उघडलं होतं. सुकुमारने बाटल्यांची पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुढच्या इमारतीकडे चालायला लागला. तिथेही नारिंगीच लागला.

प्रयोगशाळेच्या मालकाने त्याला संध्याकाळी बोलावून घेतलं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे रे. पण गेटाचा नाही ना. काहीतरी कर आणि हिरवा आण."

·

गौरी-गणपतीच्या सुमारास सुकुमार पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"हिरवा!" त्याने दारातूनच सांगितलं. "पाच गेटं, पाच हिरवे!"

"कसं काय?"

"मोकळं बोलायचं ठरवलं. घशातून नाही, पोटातून. तूच म्हणतेस ना, सगळं स्नायूंचं असतं म्हणून."

अनुजाला ते शास्त्रीयदृष्ट्या शक्य वाटलं नाही, पण पेढा तोंडात होता आणि भाऊ समोर बसला होता. खरोखर बसला होता, मांडी घालून, पाय न हलवता. कार्यालयातली बिराजदारांची गंमत तिने सांगितली तेव्हा तो तिच्याबरोबरच हसला. त्याचं हसू वेळेवर आलेलं तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. त्या रात्री तिने आईला फोन करून सांगितलं, दादा किती छान आहे आता.

पंधरवड्यात चित्र बदललं. तो पहाटे उठून बसू लागला, मग झोपेनासाच झाला. विजेच्या बटणांच्या फटींवर त्याने चिकटपट्टी लावली. जेवताना मध्येच थांबून तो कान देऊन ऐकायचा.

"तुमची ती निवेदिका आहे ना," एका दुपारी तो म्हणाला, "आज तीनदा डावीकडं मान वळवली तिनं. मला सांगत होती."

अनुजाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "काय सांगत होती?"

"ते तुला माहीत असणार. तू तिथंच कामाला आहेस."

ती सावकाश म्हणाली, "दादा, गोळी कधीपासून बंद आहे?"

तो लपवायला गेला नाही. उलट त्याला जरा अभिमानच होता. "बंद केली की हिरवा लागतो, अनू. मी तपासून बघितलंय. आधी दोन दिवस सोडली, आकडा उतरला. परत घेतली, चढला. परत सोडली, उतरला. तू शास्त्राची माणूस. प्रयोग पुन्हापुन्हा करून बघावा असं तूच म्हणतेस ना?"

प्रयोग चोख होता. अनुजा त्याच्याकडे बघत बसली आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडत गेली.

कंपनीने रुग्णांचे आवाज घेतले होते ते रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत. महिन्याच्या तपासणीला येणारी, निदान झालेली, शांतपणे रांगेत बसणारी माणसं. म्हणजे अर्थातच औषध घेणारी. या आजारावरची औषधं मेंदूतलं डोपामिन अडवतात. त्यामुळे भास थांबतात. पण हेच डोपामिन स्नायूंच्या हालचाली सुरळीत ठेवण्याचंही काम करतं. ते अडलं की हालचाली मंदावतात, आवाज सपाट होतो, त्यात कंप येतो. यंत्राला दोन गटांतला सगळ्यात ठळक फरक शोधायला सांगितलं होतं आणि तो त्याने शोधला होता. आजारापर्यंत ते पोचलंच नव्हतं. ते औषध ओळखत होतं. ज्यांनी उपचार घेतले, ज्यांनी स्वतःला सावरलं, नेमके तेच त्याला नारिंगी दिसत होते. औषध सोडलं की शरीरातून ते काही दिवसांत जातं आणि आवाज मोकळा होतो. आजार परतायला आठवडे लागतात. त्या मधल्या दिवसांत गेटं उघडत होती आणि ती पेढे खात होती.

"दादा, चल. मुजावर मॅडमकडे जाऊ."

"त्यांनीच विकला माझा आवाज," सुकुमार म्हणाला. "दवाखान्यात भिंतीवर काय लावलंय, बघितलंस कधी?" आणि तो आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसला.

·

"थांब, थांब," बिराजदार म्हणाले. "म्हणजे तू म्हणतेस ढोबळे वेडा नाही?"

"मला माहीत नाही, सर. यंत्रालाही माहीत नाही. मी आज त्याच्या बायकोला फोन केला. त्याला कधीच मानसिक आजार नव्हता. पण पित्ताची गोळी चालू आहे, चार वर्षं. पोटासाठी आणि उलटीसाठी मिळणाऱ्या काही गोळ्याही डोपामिनच अडवतात."

"आणि भोसकलं ते?"

"वाहनतळाच्या जागेवरून दोन वर्षं भांडण होतं. तक्रारी, मारामारी, कापलेले टायर. सगळ्या इमारतीला माहीत होतं. आपण कुणी विचारलंच नाही. आकडा आला आणि आपण घरी गेलो."

बिराजदारांनी कपाळ चोळलं. "हे सगळं बोलायला ठीक आहे, पण..."

"सर, तुम्ही चक्कर येण्याची गोळी घेता ना? रोज?"

"कानाची आहे ती. का?"

अनुजाने कुणालाही फुकट मिळणारं स्वरांकाचं अ‍ॅप उघडून फोन पुढे धरला. "दहा सेकंद बोला."

"काय बोलू? अरे हे काय लावलंय मगदूम, सोलापूरहून आलेला माणूस मी, मला काय धाड भरली आहे, सकाळी दोन भाकरी खाऊन..."

अठ्ठ्याहत्तर. नारिंगी उजेड त्यांच्या चष्म्यावर पडला.

त्यांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावलं. हे कार्यालयात कुणी पाहिलं असतं तर बातमी झाली असती.

"हे कुणाला दाखवायचं नाही," ते म्हणाले.

"सर, हीच तर बातमी आहे."

"मी नारिंगी आहे ही? उद्या मालक विचारतील, तीन वर्षं बातम्या कोण ठरवत होतं म्हणून. माझी मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत पुढच्या रविवारी. त्यांच्या सोसायटीलाही गेट आहे." ते खाली बसले. मग त्यांच्यातला संपादक हळूहळू जागा झाला. "तुझ्या भावाचं मात्र करता येईल. गोळी घेतली की नारिंगी, सोडली की हिरवा. चेहरा झाकू, नाव बदलू. मोठा विषय आहे, मगदूम. अर्धा तास देतो तुला. शेपूट कापणार नाही, शब्द."

अर्धा तास. अनुजा जिना उतरताना मनात त्याची मांडणीच करत होती. सुरुवात गेटपासून करायची. आकड्यांचा आलेख. दादाची पाठमोरी आकृती. पायऱ्यांच्या वळणावर ती थांबली. चेहरा झाकला तरी आवाज उरणार होता आणि शहरातलं प्रत्येक गेट त्याचा आवाज ओळखत होतं. शिवाय कार्यक्रम होईल तेव्हा तो गोळीविना असेल. लोक बघतील तो झोप नसलेला, बटणांवर पट्ट्या लावणारा, निवेदिकेच्या मानेकडे बघत बसलेला माणूस. विलास ढोबळेच्या शेजारच्या चौकटीत.

तरीही घरी गेल्यावर तिने विचारलं. दाराबाहेरूनच.

"दादा, तू काय शोधून काढलंस ते लोकांना सांगायचं का? टीव्हीवर?"

आतली पावलं दाराशी आली. मग दाराच्या अगदी जवळून त्याचा आवाज आला. "ते आधीच दाखवतायत की, अनू. रोज."

या माणसाचा होकार म्हणजे होकार नव्हता आणि नकार म्हणजे नकार नव्हता. तिने दाराला टेकून थोडा वेळ काढला. मग ती खाली कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली आणि ढोबळेच्या बायकोने सांगितलेली पित्ताची गोळी मागितली. दुकानदाराने चिठ्ठीही मागितली नाही.

"करू नकोस," डॉ. मुजावर फोनवर म्हणाल्या. "दुखणं नसताना औषध घ्यायचं नसतं, हे तुला मी सांगायला हवं का? काहींना एका गोळीतसुद्धा त्रास होतो."

"ढोबळेला चार वर्षांत कुणी नाही म्हणालं नाही, मॅडम."

"तो काही युक्तिवाद झाला?" मग त्यांनी विचारलं, "सुकुमार कसा आहे?"

"येत नाही म्हणतो."

"जबरदस्तीने आणायची वेळ येऊ देऊ नकोस. त्याचं बोट सुटू देऊ नकोस, एवढंच. आणि पाय वळवळायला लागले, मान आखडली, तर लगेच ये. ऐकतेस ना?"

अनुजाचा मूळ आकडा बावीस होता. पहिले दोन दिवस तो हलला नाही. मग पस्तीस झाला, मग एकावन्न. तिला झोप येत होती पण अंथरुणात पडवत नव्हतं. पायांत मुंग्या नव्हत्या, दुखत नव्हतं, तरी पोटऱ्यांच्या आत कुणीतरी सतत ‘ऊठ, ऊठ’ म्हणत होतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की चालावंसं, चाललं की पुन्हा बसावंसं. कार्यालयात ती उभ्यानेच काम करू लागली. दादा हे रोज सहन करत होता, वर्षानुवर्षं, आणि ती त्याला वैतागून सांगत आली होती, अरे एका जागी बस की. आरशात तिने हसून बघितलं. चेहरा जरा वेळ घेत होता.

आकडा चौऱ्याहत्तर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ढोबळेला पुन्हा न्यायालयात हजर केलं गेलं.

·

"आपल्यासोबत आहेत आपल्या विज्ञान प्रतिनिधी," निवेदिका म्हणाली. "अनुजा, आज पुन्हा एकदा स्वरांक चर्चेत आहे..."

प्रक्षेपण थेट होतं. थेट प्रक्षेपणाचं शेपूट कापता येत नाही. फार तर मध्येच जाहिरात घालता येते.

"हो. पण आधी माझा मोजू या," अनुजा म्हणाली. टेबलाखाली तिचे पाय एकमेकांवर आपटत होते. "यंत्र चालूच आहे. मी अनुजा मगदूम. मला कुठलाही मानसिक आजार नाही. असता तरी त्यात लाजण्यासारखं काही नसतं. मी गेले काही दिवस फक्त पित्ताची गोळी घेतली आहे."

मागच्या मोठ्या पडद्यावर आकडा उमटला. एकोणऐंशी. सगळा स्टुडिओ नारिंगी झाला. निवेदिका खुर्चीतच थोडी मागे सरकली. ती सरकली हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

"हे यंत्र वेड ओळखत नाही," अनुजा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच सपाट, परका वाटत होता. "ते औषध ओळखतं. तुमच्या गेटवर नारिंगी लागतो तो बरं होण्यासाठी गोळी घेणाऱ्या माणसाला. कुणी ती गोळी सोडली तर गेट उघडतं. म्हणजे आपण माणसांना आजारी पडायला सांगतोय. आणि ढोबळेने खून का केला हे आपण अजून कुणालाच विचारलेलं नाही. मी सांगते म्हणून मानू नका, तुमच्या घरी चक्कर, उलटी, पित्ताची गोळी घेणारं कुणी असेल, तर त्यांचा आकडा बघा. पण गोळी बंद करू नका. कृपा करून, डॉक्टरांना न विचारता कुणीही गोळी..."

जाहिरात लागली. ती आणखी कितीतरी आधी लावता आली असती. अनुजाने काचेच्या खोलीकडे पाहिलं. बिराजदार उभे होते, हात बटणापासून लांब, चष्मा काढून पुसत.

रिक्षात बसल्यावर तिचा फोन थांबेना. लोक आपापल्या आजोबांचे, मावश्यांचे आकडे पाठवत होते. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. दुसऱ्या एका वाहिनीवर पट्टी सुरू झाली होती: ‘महिला पत्रकाराला थेट कार्यक्रमात झटका? स्वरांक एकोणऐंशी!’ कंपनीने कळवलं होतं की संबंधित प्रतिनिधीने आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी. धायरीच्या चौकात तिने रिक्षा सोडली. बसवतच नव्हतं.

घराचं दार उघडं होतं. सुकुमार टीव्हीसमोर उभा होता, अंघोळ न केलेला, डोळे लाल. पडद्यावर तीच होती, पुन्हापुन्हा.

"कुणी बोलायला लावलं तुला?" त्याने विचारलं.

"कुणी नाही."

"खरंच घेतलीस गोळी?"

"हो."

त्याने तिच्याकडे बघितलं. हल्ली तो तिच्या मागे, भिंतीकडे बघायचा. आता तो खाली बघत होता. तिच्या पावलांकडे. ती दारापासून ओट्यापर्यंत गेली आणि परत आली आणि पुन्हा गेली, आणि थांबायचं म्हणून ओट्याला धरून थांबली, तरी टाचा उचलल्या जातच होत्या.

"आतून ऊठ म्हणतंय?" सुकुमारने विचारलं.

"हो."

"बसलं की वाईट. उठलं की बरं वाटंल वाटतं, पण वाटत नाही."

"हो." तिला एकदम रडू आलं. "दादा, तू कसं रे सहन केलंस हे?"

"सवय होते. पहिल्यांदा मला वाटायचं हे पाय कापून टाकावेत." तो कुठेतरी कान देऊन ऐकू लागला, मग मानेला झटका देऊन परत आला. ते करायला त्याला कष्ट पडले, हे तिला दिसलं. "असं अंगावर काढायचं नसतं, येडे. याच्यावर दुसरी छोटी गोळी असते. मॅडम देतात. मान आखडली का?"

"थोडी."

"चप्पल घाल."

"कुठे?"

"कुठे काय कुठे? एकटी जाणारेस काय अशी? रस्त्यात पडशील." त्याने खुंटीवरचा शर्ट ओढून घेतला आणि उलटाच अंगात घातला. दारात तो एकदा अडला. जिन्याकडे, मग बटणांवरच्या पट्ट्यांकडे त्याने पाहिलं. "तिथं भिंतीवर काय असलं तर मी बाहेर थांबीन."

"थांब. चालेल."

दवाखाना फार लांब नव्हता. दोघंही चालत निघाले, आणि थांबणं दोघांनाही जमत नसल्यामुळे लवकर पोचले. तिथल्या टीव्हीवर तोवर दुसरा खून आला होता, कोपऱ्यात कुणाचा तरी आकडा झळकत होता. बाकांवर माणसं वळली आणि बघू लागली. कुणीतरी अनुजाला ओळखलं. एक बाई पर्स छातीशी धरून एक जागा पलीकडे सरकली.

सुकुमारने भिंत पाहिली. बराच वेळ पाहिली. तो बाहेर वळणार असं अनुजाला वाटलं आणि तिने त्याचा हात धरला नाही, नुसती शेजारी पाय हलवत उभी राहिली.

डॉ. मुजावर आतल्या दारात आल्या. त्यांनी आधी त्याला पाहिलं, मग तिला. उलटा शर्ट, लाल डोळे. वळवळणारे पाय, ताठलेली मान.

"पेशंट कोण आहे?" त्यांनी विचारलं, फार जपून.

"आधी हिला बघा," सुकुमार म्हणाला. मग, जणू कुणाची तरी मनाई झुगारून, त्याने वाक्य पुरं केलं. "मग मला."